यवतमाळकरांनी अलाबामात काय बघावं?

प्रश्न : मुलगी-जावई अमेरिकेत बर्मिंगहॅमला असतात, आम्ही दोघं चाललोय तीन महिने. जो तो म्हणतो, अलाबामात काय ठेवलंय? मला तर 'एक होता कार्व्हर' सोडून त्या राज्याचं काहीच माहीत नाही. खरंच काही बघण्यासारखं आहे का? (निवृत्त शिक्षक, यवतमाळ)

उत्तर : सर, यवतमाळचा माणूस अलाबामात कंटाळेल हे मला पटतच नाही, कारण त्या राज्याची अख्खी कुंडली कापसाने मांडलीय. मधल्या पट्ट्याला ब्लॅक बेल्ट म्हणतात ते मुळात काळ्या मातीवरून, आणि त्या मातीत कापूस काढायला इतके गुलाम आणले की १८६० साली राज्यातली साधारण ४५ टक्के माणसं गुलाम होती. पुढचं सगळं तिथूनच निघतं.

कार्व्हर शिकवायचे ते टस्कीगी गाव बघालच. कार्व्हर १८९६ ला तिथे आले, जमिनीचा कस गेलाय तर भुईमूग लावा म्हणून शेतकऱ्यांच्या मागे लागले. (पीनट बटर त्यांनी शोधलं असं व्हॉट्सॲपवर फिरतं ना, ते खरं नाही, ते आधीपासून होतं.) तेवढ्यात मेक्सिकोकडून कापसावर एक सोंड्या भुंगा आला, आपल्या बोंडअळीसारखाच पण अळी नाही, भुंगा, आणि पिकंच्या पिकं बसली. दक्षिणेकडच्या एंटरप्राइझ गावातले लोक नाइलाजाने भुईमुगाकडे वळले आणि असा पैसा आला की त्यांनी १९१९ मध्ये भर चौकात त्या किडीचे आभार मानणारं स्मारक उभारलं! गंमत म्हणजे तीस वर्षं नुसतीच बाईची मूर्ती होती, तिच्या हातात किडा बसवला १९४९ ला. आपल्याकडे बोंडअळीचा पुतळा कोणी उभारेल का सांगा.

मॉन्टगोमेरीला मात्र एक पूर्ण दिवस ठेवा, गुलामगिरी टिकवायला फुटून निघालेल्या राज्यांची पहिली राजधानी १८६१ ला तिथे होती, आणि तिथल्या कॅपिटॉल इमारतीत त्यांचं कामकाज चाललं, तिच्यापासून चार पावलांवर मार्टिन ल्यूथर किंग यांचं चर्च आहे. १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स नावाच्या काळ्या बाई गोऱ्या माणसासाठी बसमधल्या सीटवरून उठल्या नाहीत ते याच शहरात. त्यानंतर काळ्या लोकांनी ३८१ दिवस बस वापरली नाही, पायी गेले, एकमेकांच्या गाड्यांतून गेले. आणि या रोझाबाई जन्मल्या कुठे, तर टस्कीगीतच.

काकूंसाठी जीज बेंड. नदीच्या वळणात अडकलेलं खेडं, तिथल्या बायका फाटक्या जीन्सचे, शर्टांचे तुकडे जोडून क्विल्ट शिवतात, म्हणजे आपली गोधडीच हो, आणि या गोधड्या न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये लागल्या, २००६ ला त्यांची टपाल तिकिटं निघाली. याच गावातले काळे लोक मतदार नोंदणीला पलीकडे जायला लागले तेव्हा १९६२ मध्ये फेरीबोटच बंद झाली, ती परत सुरू झाली तीही २००६ लाच. चव्वेचाळीस वर्षं समोर दिसणाऱ्या गावाला गाडीने वळसा!

प्रश्न : जावई म्हणतात 'रोल टाइड' पाठ करून या. हे काय आहे? आणि आम्ही शाकाहारी, खायचं काय?

उत्तर : अलाबामा युनिव्हर्सिटीच्या (अमेरिकन) फुटबॉल टीमचा नारा आहे तो. समोरचा राज्यातल्याच ऑबर्न युनिव्हर्सिटीवाला असेल तर 'वॉर ईगल' म्हणेल, तेव्हा आधी शेजाऱ्यांच्या घरावरचा झेंडा बघा आणि मग तोंड उघडा, या दोन टीमची मॅच असते त्या दिवशी तर घराघरात फूट पडते.

खाण्याचं सोपं आहे, रस्त्याकडेला गाड्यांवर मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगा मिळतात. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या, त्या चालतील. पालेभाजी मागवताना तेवढं विचारा, आत डुकराचं मांस घालायची तिकडे पद्धत आहे.