पेशीचं घर कुठे?

प्रिय मुली,

बोकडाच्या व्हेगसच्या, म्हणजे मेंदूपासून हृदय-पोटापर्यंत जाणाऱ्या नर्व्हच्या, स्लाइडचा फोटो पाहिला. ‘नर्व्हमध्ये एवढ्या मोठ्या गोल पेशी कशा? स्लाइड बिघडली का, सर?’ असं विचारतेस. बिघडलेली नाही, झकास आहे. तुकडा कवटीच्या बुडाजवळून घेतलास, म्हणून गॅंग्लिऑन, म्हणजे चेतापेशींचा पुंजका, लागलं. गोल पेशींभोवती बारीक केंद्रकांची माळ आहे ना, त्या सॅटेलाइट पेशी, चेतापेशीला वेढणाऱ्या. तंतूंमधली लांबट केंद्रकं बहुतेक तंतूंना वेढणाऱ्या श्वान (Schwann, कुत्रा नव्हे!) पेशींची. ती चेतापेशी म्हणून मोजलीस तर वही परत करीन.

आधी विचार, पेशीचं घर कुठे? म्हणजे तंतू ज्या पेशीतून निघतो, तिचं धड कुठे बसलंय? तंतू पाहून ते कळत नाही. १९३७ साली फोली आणि ड्यूबॉइस यांनी मांजराची व्हेगस गॅंग्लिऑनच्या वर, मेंदूच्या बाजूला कापली. मोटर, म्हणजे मेंदूचा हुकूम अवयवांकडे नेणाऱ्या, तंतूंची घरं मेंदूच्या देठात, ते झिजून गेले. सेन्सरी, म्हणजे अवयवांची खबर मेंदूला देणाऱ्या, तंतूंची घरं गॅंग्लिऑनमध्ये, ते टिकले. मानेतले ६५ ते ८० टक्के तंतू सेन्सरी निघाले! आणि आपण पोरांना शिकवतो, व्हेगस म्हणजे हृदयाला ‘हळू’ सांगणारी.

मलाही हे उशिराच उमगलं. एम.व्ही.एस्सी.ला असताना बोकडाच्या मानेतल्या जाड दोरीला ‘व्हेगस’ असं लेबल लावून आठ महिने तंतू मोजले. बोकडात काय, कुत्र्यात काय, मानेत व्हेगस आणि सिंपथेटिक नावाची दुसरी नर्व्ह एकाच आवरणातून जातात. म्हणजे शेजाऱ्यांची डोकीही माझ्या शिरगणतीत. घर विचारलंच नव्हतं ना! बरं, मायलिनचं (चरबीचं) वेष्टण नसलेले तंतू, म्हणजे बहुसंख्य, साध्या मायक्रोस्कोपखाली सुटे दिसतच नाहीत. एकेका श्वान पेशीच्या कुशीत कितीतरी दाटीवाटीनं बसलेले. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप तेव्हा आम्हाला कोण देणार होतं? दिसणाऱ्या तंतूंची मोजणी चोख होती, लेबल तेवढं चुकलं. (हे मी तीस वर्षं सांगतोय. घरात आता कुणी ऐकत नाही.)

तुझ्या पेशी नोडोजच्या, म्हणजे व्हेगसच्याच सेन्सरी गॅंग्लिऑनच्या, हे मी माळ अखंड आणि केंद्रक मधोमध दिसलं म्हणून म्हणतोय. पण शेजारीच सिंपथेटिकचं क्रेनियल सर्व्हायकल गॅंग्लिऑन असतं. तिथल्या पेशी वेड्यावाकड्या, केंद्रक बरेचदा कडेला, माळ तुटक. माझ्या शब्दावर जाऊ नकोस. चाळिसाच्या लेन्सखाली पन्नास पेशी बघ, केंद्रक कुठे आणि माळ कशी ते एकेकीपुढे लिही. घर ठरल्याशिवाय लेबलला हात लावू नकोस. परीक्षा झाल्यावर वगैरे नाही, उद्याच.

तुझा,
सर