पाच दिवसांचा डोंगर

प्रश्न : आमचे आजोबा 1953 साली भारतीय सैन्यातून कोरियात कैद्यांवर पहाऱ्याला होते. ते सांगायचे, की तिथे एका डोंगरापायी हजारो पोरं गेली आणि तो म्हणे पाच दिवसांत घ्यायचा होता. हे खरं का? – एक वाचक, देवगड

उत्तर : खरं आहे हो. आजोबा बहुतेक ट्रायअँगल हिलबद्दल सांगत असणार. मध्य कोरियात किमह्वाच्या उत्तरेला आहे, उंची 598 मीटर, म्हणजे आपल्या आंबोलीपेक्षा कमीच. 1952 च्या ऑक्टोबरात कोरियन युद्धाच्या तहाची बोलणी थांबली होती, कारण जे कैदी मायदेशी जायला तयार नाहीत त्यांना जबरदस्तीने पाठवायचं की नाही यावर गाडं अडलेलं, आणि अशात 14 तारखेला अमेरिकन जनरल व्हॅन फ्लीटने ही चढाई सुरू केली. हिशोब काय, तर दोन बटालियन, पाच दिवस, मेलेले-जखमी धरून साधारण 200 माणसं.

पण उत्तर कोरियाच्या बाजूने लढणाऱ्या चिन्यांनी डोंगर आतून पोखरून ठेवला होता. वर तोफा पडायला लागल्या की ते बोगद्यात, आणि अंधार पडला की परत वर, त्यामुळे दिवसा घेतलेला माथा रात्री हातातून जायचा असं कितीतरी दिवस चाललं. तोफांनी खडकाचा नुसता भुगा झाला होता. आणि बोगद्यात पाणी नाही! सैनिक भिंतीचा ओलावा चाटायचे, लघवी प्यायचे. वैशाखात सड्यावर चिऱ्याच्या खाणीत पाण्याशिवाय तासभर काढलेल्या माणसाला हे जास्त सांगायला नको. मला तर त्या पोरांचं, दोन्हीकडच्या, वाचतानासुद्धा पोटात कालवतं.

मर्यादित चढाई म्हणतात ना, तर मर्यादा ठरवली एकाच बाजूने, समोरचा ती कशाला पाळेल? एकाने माणसं वाढवली की दुसरा वाढवणार, मग माघार घेतली तर नाक कापलं जाणार. पाच दिवसांचे 42 झाले, 25 नोव्हेंबरला थांबलं, दोन्हीकडची हजारो माणसं पडली आणि डोंगर चिन्यांकडेच राहिला.

शेवटी 27 जुलै 1953 ला युद्धबंदी झाली. ज्यांच्यावरून बोलणी अडली होती, ते परत न जाणारे कैदी मग भारतीय दलाच्या ताब्यात आले, कमांडर आपले कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. म्हणजे तुमचे आजोबा त्याच माणसांवर पहाऱ्याला होते. त्यांची पत्रं, फोटो घरात असतील तर पावसाआधी ट्रंकेतून काढून ऊन दाखवा, आपल्याकडच्या ओलीत कागद टिकत नाही.