शाळेत साथ आली की फॉगिंग करून घ्यावं का? रुग्णालयांत करतात म्हणे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी मुंबईतल्या शाळेत सीनियर केजीला आहे, वर्गात हॅण्ड-फूट-माउथची साथ आली आहे, म्हणजे तळहात, तळपाय आणि तोंडात फोड. पालक संघाने दर शनिवारी फॉगिंगवाल्याला बोलवून वर्गात जंतुनाशकाचं धुकं फवारायचं ठरवलंय, वर्गणी मागतायत, आणि वर ऐकवतायत की 'मोठमोठ्या रुग्णालयांत हेच करतात.'

करू नका. आणि रुग्णालयांत करतात म्हणून ते बरोबर होत नाही. हेच वाक्य ऐकत मी संसर्ग नियंत्रणाचं काम केलं, त्यामुळे शाळेआधी रुग्णालयाचं सांगते.

मुंबईतल्याच एका मोठ्या रुग्णालयाचा सर्जिकल वॉर्ड. ड्रेसिंग रूमचं दर शनिवारी रात्री फ्युमिगेशन व्हायचं, म्हणजे बंद खोलीत रसायनाची धुरी. दाराच्या फटींना चिकटपट्टी, आत फॉर्मलीन, रविवारी सकाळी दार उघडलं की डोळ्यांतून पाणी. रजिस्टर चोख, सगळ्यांच्या सह्या. तरी टाके घातलेल्या जखमांमधून हिरवट, गोडसर वासाचा पू येत होता. कल्चरला, म्हणजे पुवातला जंतू वाढवून केलेल्या तपासणीत, एकापाठोपाठ एक सुडोमोनास हाच जंतू. भिंतीचे, टेबलाचे, ट्रॉलीचे स्वॅब घेतले, फारसं काही सापडलं नाही. सापडलं ते सिंकवरच्या लिक्विड सोपच्या बाटलीत. ज्या बाटलीतून सगळे हात 'स्वच्छ' करून ड्रेसिंगला जात होते, तीच.

साबणात जंतू कसे, असं सगळ्यांनी विचारलं. साबण महिन्याच्या इंडेंटवर, म्हणजे मागणीपत्रावर, यायचा आणि वीस तारखेलाच संपत आलेला असायचा. मग मावशी बाटलीत पाणी घालून तो पुरवायच्या. नवा कॅन आला की त्याच बाटलीत वरून भर. तळाचा जुना चिकट थर वर्षानुवर्षं तसाच. साबण टिकून राहावा म्हणून त्यात जे परिरक्षक असतं ते पाणी घातल्यावर पातळ होतं, आणि सुडोमोनासला ओल मिळाली की त्याला बाकी फारसं काही लागत नाही. मावशींचा दोष नव्हता. साबण कमी का पडतो, हे विचारणं ज्यांचं काम होतं त्यांनी विचारलं नव्हतं.

हायपोचीही, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट या क्लोरीनच्या जंतुनाशकाचीही, तीच गत. पाच टक्क्यांचा कॅन उन्हात गॅलरीत ठेवलेला. सोमवारी ड्रम भरून द्रावण बनवायचं आणि शनिवारपर्यंत वापरायचं, माप 'दोन झाकणं'. ऊन आणि उष्णता लागली की हायपोतला क्लोरीन उडत जातो, आणि पातळ केलेलं द्रावण दुसऱ्या दिवशी विश्वासाचं राहत नाही. त्यात एकाच बादलीतल्या पाण्याने आधी संडास, मग ड्रेसिंग रूमची लादी.

उपाय कंटाळवाणे होते. रिकामी झालेली बाटली घासून, वाळवून मगच भरायची, वरून भर घालायची नाही, भरल्याची तारीख पट्टीवर लिहायची. हायपो सावलीत, अपारदर्शक कॅनमध्ये, द्रावण रोज सकाळी ताजं, मोजपात्राने. संडासाचा मॉप वेगळ्या रंगाचा. पुसायला सुरुवात स्वच्छ बाजूकडून, आतून दाराकडे. वापरलेले मॉप धुऊन उन्हात उलटे टांगायचे, ओले बादलीत सोडायचे नाहीत. वॉर्डात कोरडा झाडू बंद, कारण झाडूने जंतू जात नाहीत, उडून शेजारच्या खाटेवर बसतात. पुढे ते हिरवे पू थांबले. आणि मीटिंगमध्ये प्रशासनाचे साहेब काय म्हणाले? 'फ्युमिगेशनचं केमिकल बदललं, त्याचा हा रिझल्ट.' टाळ्या पडल्या.

तर फॉगिंगचं. कुठलंही जंतुनाशक काम करतं ते दोन अटींवर. पृष्ठभाग आधी घासून स्वच्छ झालेला हवा, आणि त्यावर ते ठरलेली मिनिटं ओलं राहायला हवं. फॉगचे थेंब इतके बारीक की पंख्याखाली मिनिटभरात वाळतात. बाकाच्या खालच्या बाजूला, नळाच्या तोटीला, संडासाच्या कडीला ते नीट पोचतच नाहीत, आणि मुलांचे हात नेमके तिथे लागतात. धुळीच्या, चिकट थरावर फॉग बसला तर रसायन त्या घाणीवरच खर्ची पडतं. शनिवारी जे काही मेलं असेल ते सोमवारी सकाळी पहिलं शेंबडं पोर परत घेऊन येतं. फॉर्मलीन असेल तर दारातूनच परत पाठवा, त्यातला फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक म्हणून सिद्ध झालेला आहे. महापालिका डासांसाठी जी धुरफवारणी करते तिचा ह्याच्याशी काही संबंध नाही, ती डेंग्यू-मलेरियासाठी.

आता तुमच्या साथीचं. हॅण्ड-फूट-माउथ पसरवणारे एन्टेरोव्हायरस. त्यांना बाहेरचं चरबीचं आवरण नसतं, म्हणून वर्गाच्या दारात टांगलेल्या सॅनिटायझरला ते फारशी दाद देत नाहीत. जुलाब-उलट्यांच्या नोरोव्हायरसचंही तेच. इथे साबण आणि वाहतं पाणीच हवं, कारण ते जंतू धुऊन नेतं. वॉर्डात दोन रुग्णांच्या मधे, हात मळलेले नसताना, अल्कोहोलचं हॅण्डरब उत्तमच, ६० ते ८० टक्क्यांचं, हात पूर्ण भिजेल इतकं आणि २० ते ३० सेकंद. केजीच्या संडासाबाहेर त्याचा तितका उपयोग नाही. फोड वाळले तरी विष्ठेतून विषाणू काही आठवडे जात राहतो. म्हणून खरी लढाई संडास आणि डबा खायच्या आधीचे हात, इथे आहे.

हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, हे पोस्टरवर सगळ्यांनी वाचलेलं असतं. गणित कोणी करत नाही. वर्गात ५० मुलं, नळ एक, प्रत्येकी ४० सेकंद, म्हणजे २००० सेकंद. तेहतीस मिनिटं! मधली सुट्टी किती असते? मग बाई म्हणतात, 'पटकन बोटं भिजवा आणि चला.' पाच नळ असतील तर तेच काम सात मिनिटांत होतं. फॉगिंगच्या वर्गणीतून लांब मोरी आणि पाच नळ बसवा. नळ लहान मुलांच्या उंचीचे हवेत, नाहीतर बाही कोपरापर्यंत भिजते आणि उद्यापासून पोर धुवायचं टाळतं.

वडी हरवते, मोरीत पडून विरघळते, म्हणून शाळा साबण ठेवत नाहीत. वडी नायलॉनच्या जाळीत घालून नळाला बांधा. किंवा दीड लिटरच्या बाटलीत ३० ग्रॅम कपड्यांची पावडर, झाकणाला छिद्र, झालं साबणाचं पाणी. फक्त ती बाटलीही रिकामी झाली की घासून वाळवूनच भरा, अर्ध्यावर भर घालू नका. कारण वर सांगितलंय.

पुसण्याचं. बाकं, दाराच्या कड्या, खेळणी आधी साबणाच्या पाण्याने. साथ चालू असेल तर त्यानंतर ०.१ टक्के हायपो. हिशोब सोपा: कॅनवरच्या टक्क्यांना हव्या त्या टक्क्यांनी भागा, एक वजा करा, तितके भाग पाणी. पाच भागिले ०.१ म्हणजे ५०, वजा एक, ४९. दहा लिटरच्या बादलीत २०० मिली हायपो, बाकी पाणी. दहा मिनिटं ओलं राहू द्या. तोंडात जाणारी खेळणी मग पाण्याने धुवा.

वर्गात कोणी ओकलं तर आधी मुलं बाहेर. हातमोजे, मास्क. वर्तमानपत्र किंवा जुनी फडकी टाकून शोषून घ्या, उचलून पिशवीत बांधा, मग त्या जागेवर ०.५ टक्के, म्हणजे पाच टक्क्यांच्या १०० मिली हायपोला ९०० मिली पाणी, कडेकडून मध्याकडे. दहा मिनिटांनी पुसा. सरळ ओकारीवर हायपो ओतलं तर ते ओकारीतच संपतं. खिडक्या उघड्या ठेवा. आणि संडास धुवायच्या ॲसिडबरोबर हायपो कधीच नाही, क्लोरीन वायू निघतो. 'दोन्ही घातलं की जास्त स्वच्छ' असं समजून बंद बाथरूममध्ये बेशुद्ध पडायची वेळ येते.

शाळांची एक गोष्ट मला अजिबात सहन होत नाही: शंभर टक्के हजेरीचं बक्षीस. त्या एका मेडलपायी तापातलं पोर पॅरासिटामॉल पाजून पाठवतात, औषध उतरतं दहाच्या सुमारास, तोवर त्याने इतर मुलांच्या तीन बाटल्यांतून पाणी प्यायलेलं असतं. बक्षीस ह्याच वर्षी बंद करा. हॅण्ड-फूट-माउथला ताप जाऊन फोड वाळेपर्यंत घरी. जुलाब थांबल्यावर ४८ तास. गालगुंडाला सूज आल्यापासून पाच दिवस. कांजिण्यांना शेवटच्या फोडावर खपली येईपर्यंत. खरजेत घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी मलम लावायचं आणि आठवड्याने पुन्हा, नाहीतर ती घरातल्या घरात फिरत राहते.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. हे हात-साबण पुराण गोवर, कांजिण्या आणि क्षयाला पुरत नाही, ते हवेतून पसरतात. गोवराचा रुग्ण खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू हवेत राहू शकतो, आणि पुरळ दिसायच्या चार दिवस आधीपासून मूल तो पसरवत असतं. तिथे लस आणि समोरासमोरच्या उघड्या खिडक्या. गोवंडीत २०२२ साली गोवराच्या साथीत लहान मुलं दगावली, ते मुंबईकरांना सांगायला नको. एसी लावून बंद केलेला वर्ग, किंवा पावसाचं पाणी येतं म्हणून खिडक्या लावून फुल्ल केलेला पंखा, दोन्हींत तीच हवा फिरते. खिडकीबाहेर पत्र्याची पडवी काढा, म्हणजे जुलैतही उघडी ठेवता येईल. गोवराचा संशय आला तर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसच्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्याला त्याच दिवशी कळवा. शाळेचं नाव खराब होईल म्हणून थांबू नका. वर्गात गरोदर बाई असतील तर कांजिण्यांची बातमी त्यांना आधी द्या.

आणि फॉगिंग कुठेच नाही असंही नाही. आयसोलेशनची खोली रिकामी झाल्यावर, घासूनपुसून झाल्यावर, सीलबंद करून हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ मोजून सोडतात, त्याला अर्थ आहे. पण ते घासण्यानंतरचं काम, घासण्याऐवजी नाही, आणि ते सीलबंद खोलीतलं, केजीच्या वर्गातलं नाही.

शनिवारी तो माणूस आलाच तर त्याला तीन गोष्टी विचारा: रसायन कोणतं, किती टक्के, आणि बाकावर किती मिनिटं ओलं राहतं. तिसऱ्या प्रश्नाला तो 'मॅडम, लगेच सुकतं, डाग पडत नाही' म्हणाला, की वर्गणी परत मागा. साहेबांचा फ्युमिगेशनवालाही हेच सांगायचा.