ट्रेकर्सचे प्रश्न: टेंट नको, मग झोपायचं कशाखाली?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही दोघं मित्र डिसेंबरात रतनगडावरनं कात्राबाईच्या खिंडीतनं हरिश्चंद्रगडला जायचं म्हणतोय. घरातला टेंट अडीच किलोचा आहे आणि अल्ट्रालाइट टेंटच्या किमती बघून डोळे फिरले. स्वस्तात काही होईल का?
— एक वाचक, नाशिक

होईल की! सह्याद्रीत नोव्हेंबर ते फेब्रुवारी तुम्हाला टेंट लागतच नाही खरं तर, लागतं ते दव आणि वारा अडवणारं एक छप्पर, म्हणजे टार्प (दोऱ्यांनी ताणून बांधायची ताडपत्री किंवा कापड), आणि खाली नीट अंथरूण. १९५५ साली अमेरिकेत एमा गेटवुड नावाच्या आजींनी वयाच्या ६७व्या वर्षी एकटीनं अ‍ॅपलाचियन ट्रेल पूर्ण केला, ३००० किलोमीटरच्या वर, आणि त्यांच्याकडे टेंट नव्हता, शॉवरचा प्लास्टिकचा पडदा होता. मला ही बाई फार आवडते.

आता खरेदी. ताडपत्रीच्या दुकानात (पुण्यात असाल तर बोहरी आळीत एक चक्कर माराच) आधी जीएसएम विचारायचा, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम ते, कारण दुकानदार जाड तेच चांगलं म्हणून गळ्यात मारतो आणि २०० जीएसएमची तीन बाय तीन मीटर घेतलीत तर १८०० ग्रॅम झाले, मग टेंटनं काय वाईट केलं होतं? तीच ९० जीएसएमची घेतली तर ८१० ग्रॅम, दोघांत वाटली की माणशी ४०० च्या आसपास. अजून हलकं हवं तर सिलिकॉन कोटिंगचं नायलॉन, ५० जीएसएम धरलं तर त्याच साइझला ४५० ग्रॅम, पण ते महाग आणि ओलं झालं की सैल पडतं, रात्री उठून परत दोऱ्या ताणाव्या लागतात. पहिल्यांदाच करताय तर पातळ ताडपत्रीच घ्या. तिच्या कडांची धातूच्या रिंगांची भोकं वाऱ्यात फाटतात हे मात्र खरं, म्हणून दोरी भोकात बांधूच नका, कोपऱ्यात गुळगुळीत गोटा ठेवून कापड त्याच्यावर गोळा करायचं आणि त्या गाठोड्याच्या मानेला दोरी आवळायची, ती निसटत नाही.

उभारायला दोन ट्रेकिंग पोल नाहीतर गावातनं मागून घेतलेल्या दोन काठ्या पुरतात. आपल्याकडे गडमाथ्यावर कातळ, पेग (दोरी अडकवायच्या खुंट्या) आत जातच नाहीत, म्हणून पेगचं वजन नेऊ नका, दोऱ्या बांधायला मोठे दगड आहेतच. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याकडे वारा फार असतो, तिथे मागे सरकून आडोशाला थांबायचं आणि टार्पची पाठ वाऱ्याकडे, कड जमिनीला टेकलेली. शांत रात्र असेल तर उलट, दोन्ही बाजू वर उचलून हवा खेळती ठेवा, नाहीतर श्वासाची वाफ आतनं जमते आणि पहाटे स्लीपिंग बॅग ओली.

वाचलेले पैसे मॅटवर घाला, हे मी सगळ्यांना सांगते. थंडी वरनं लागते त्यापेक्षा खालनं जास्त लागते, कातळ रात्रभर अंगातली ऊब ओढून घेतो. पॅकिंगच्या फोमची जाड शीट मापानं कापून घेतलीत तरी चालेल. आणि हो, हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातला आहे, मुक्काम कुठे चालतो ते वनखात्याला आधी विचारा, शेकोटी नको, त्या दिवसांत गवत वाळलेलं असतं.

प्रश्न: ताई, टार्प चारी बाजूनी उघडा. साप-विंचवाचं काय? आई जाऊच देत नाहीये.
— एक वाचक, ठाणे

आईंचं बरोबर आहे, त्यांना नुसतं काही होत नाही गं म्हणून गप्प करू नकोस. मण्यार जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते, आणि कित्येकदा चावलेलं कळतसुद्धा नाही. म्हणून टार्पच्या आत मच्छरदाणी पाहिजेच. बाजारातली साधी सिंगल चालेल, पण कडा मॅटखाली सगळीकडनं नीट खोचायच्या, एक बाजू जरी मोकळी राहिली तरी उपयोग नाही. त्यापेक्षा टेलरकडनं नेटच्या कडेला ग्राउंडशीट शिवून घे आणि शीट वीतभर वर वळवून ठेव, म्हणजे खालनं फटच राहत नाही. जागा निवडताना पडक्या भिंती, तटबंदी, रचलेले दगड यांच्यापासून लांब, कारण विंचू आणि साप तिथेच असतात, खाण्याचे डबे बंद, कारण उंदरामागे साप येतो. सकाळी बूट झटकूनच पाय घालायचा.

प्रश्न: हाच सेटअप जुलैत किंवा हिमालयात चालेल का?
— एक वाचक, कोल्हापूर

नाही. जुलैत घाटमाथ्यावर पाऊस आडवा येतो, टार्पखालचं सगळं भिजतं आणि भिजलेल्या माणसाला वाऱ्यात हायपोथर्मिया (अंगाचं तापमान धोक्याइतकं उतरणं) होऊ शकतो, त्यापेक्षा पाचनईसारख्या पायथ्याच्या गावात कुणाच्या घरी झोपा, त्यांनाही चार पैसे मिळतील. हिमालयात झाडांच्या रेषेच्या वर वारा आणि बर्फ झेलणारा टेंटच लागतो, तिथे वजन कमी करायचं असेल तर कपडे आणि खाऊचे डबे कमी करा, टेंट नाही.