मारिओची पहिली लेव्हल आणि वेळ संपताना पळणारं म्युझिक

प्रश्न: लहानपणी टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमवर मारिओ खेळायचो. आता मुलीला दाखवला तर ती विचारते, बाबा हे म्युझिक मधेच फास्ट का झालं? आमची कॅसेट बिघडलेली होती का?

उत्तर: अहो नाही, कॅसेट एकदम ठणठणीत! 1985च्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये पहिल्या लेव्हलला घड्याळ 400 पासून उलटं मोजतं आणि 100 च्या खाली आलं की आधी इशारा वाजतो मग तीच चाल जोरात पळायला लागते, आणि आपले हात घामेजतात (माझे तर अजूनही). संगीत कोजी कोंडो यांचं. सगळा गेम जेमतेम 40 केबीचा, म्हणजे आज मोबाईलवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटोसुद्धा त्याहून मोठा, त्यामुळे रेकॉर्ड केलेलं गाणं वगैरे विसराच, चिपमधले मोजके आवाज, दोन सुरांना, एक खालच्या बेसला, आणि नुसती खरखर ती ढोल म्हणून. गंमत म्हणजे उडीचा आवाजही त्यातलाच एक सूर उसना घेतो, म्हणून उडी मारली की चालीतला एक पदर क्षणभर गायब होतो, कान देऊन ऐका.

आणि मुलीला पहिला मशरूम नीट बघायला सांगा, तो पुढे जाऊन पाइपला आपटतो आणि उलटा तुमच्याकडेच येतो, टाळायचा म्हटलं तरी बहुतेक वेळा मिळतोच, म्हणजे खाल्ला की मारिओ मोठा होतो हे न सांगता शिकवून टाकलं!