पूर्वी कोकणात अंगावरचं दूध न मिळालेल्या बाळांना काय पाजत? आजेसासूबाई म्हणतात तशी तेव्हाची मुलं खरंच जास्त दणकट होती का?

तुमच्या आजेसासूबाईंना दिसतात ती जगलेली माणसं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी दोनशेच्या आसपास वर्षाच्या आत जात. आमच्या राजापूरकडे जुन्या माणसांत धोंडू, भिकू, केरू अशी नावं आढळतात. आधीची मुलं राहिली नाहीत की पुढच्याला कुणाची नजर लागू नये म्हणून असं नाव ठेवत.

आई बाळंतपणात गेली किंवा तिला दूध आलं नाही, तर आधी वाडीत दुसरी ओली बाळंतीण शोधत. तिनं पदराखाली घेतलं तर मूल तगण्याची आशा असे. तशी कुणी नसली की गाईचं नाहीतर शेळीचं दूध पाणी घालून बोंडल्यानं, म्हणजे चोच असलेल्या छोट्या भांड्यानं, पाजत. आमच्या माळ्यावर असं एक पितळी बोंडलं आहे. त्याची चोच इतकी चिंचोळी की आत बोट जात नाही. तिथं चिकटलेलं दूध नासणारच. एकोणिसाव्या शतकात युरोपात लांब रबरी नळीच्या बाटल्या निघाल्या होत्या, त्याही अशाच आतून धुता येत नसत आणि त्यांनीही पुष्कळ मुलं दगावली.

त्यात आपलं पाणी. जांभ्याच्या भेगांतून पावसाचं पाणी वरची घाण घेऊन झरझर खाली उतरतं आणि विहिरीत येतं. तेच पाणी बाळाच्या दुधात. जुलाब लागले की पुष्कळ घरांत मुलाचं पाणीच तोडत, आणि मूल सुकून जाई. मीठ-साखरेच्या पाण्यानं असे जीव वाचतात हे मोठ्या प्रमाणावर दिसलं ते १९७१ साली, बांगलादेशी निर्वासितांच्या छावण्यांत.

सगळेच मृत्यू पाजण्यामुळे होत नव्हते. विळ्यानं नाळ कापून वर राख लावायची, मग आठवडाभरात धनुर्वात होई आणि मूल सटवाईनं नेलं म्हणत.

मला सगळ्यात जास्त लागतं ते चिकाचं. आईला दूध असूनही पहिले दोन-तीन दिवस पिवळा चीक पिळून टाकत आणि बाळाला मध, गूळपाणी चाटवत. रोगाशी झुंजायचं बळ त्या चिकातच सगळ्यात जास्त असतं. गाय व्याली की वासराला चीक पाजायला कुणी विसरत नसे, उरलेल्याचा खरवस होई. आपल्याच बाळाला मात्र तो द्यायचा नाही! त्या बायकांना मी दोष देत नाही, त्यांना हे सांगणारं कुणी नव्हतं.

तुमच्या घरात आज हा प्रश्न असेल तर चीक पहिल्या तासातच पाजा आणि सहा महिने वरचं पाणीसुद्धा देऊ नका. दूध येतच नसेल तर डॉक्टरांकडे दूधपेढीची चौकशी करा. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ पासून अशी पेढी आहे, तिथं दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध निर्जंतुक करून बाळांना देतात.