कॅरॅव्हॅनचा गॅस हीटर पेटतो पण अर्ध्या मिनिटात बंद पडतो, बोर्ड बदलावा का?

बोर्ड आत्ता बदलू नका. तुम्ही लिहिलंय की टिकटिक आवाज येतो, ज्योत पेटते, मग अर्ध्या मिनिटात विझते आणि लाल लाइट लागतो, दुपारी बऱ्याचदा नीट चालतो पण पहाटे अजिबात नाही, सिलिंडर अर्धा आहे आणि मेकॅनिक म्हणतो कंट्रोल बोर्ड गेला. बोर्ड गेला असता तर बहुतेक वेळा दुपारीही असाच त्रास झाला असता. थंडी वाढली की बंद पडतो म्हणजे आधी गॅस आणि बॅटरी बघायची, मी अशा हीटरचं काम करतो आणि बोर्डाकडे कायम सगळ्यात शेवटी जातो.

त्याआधी एक गोष्ट, गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का आणि टेस्ट बटण दाबल्यावर वाजतो का ते आजच बघा. या वायूला वास नाही, रंग नाही, डोकं दुखणं, मळमळ, चक्कर एवढंच जाणवतं आणि माणूस झोपेत असेल तर तेही कळत नाही. हीटर चालू असताना असं काही झालं असेल तर तो बंद ठेवा आणि टेक्निशियनने बघेपर्यंत लावू नका. आणि लाल लाइट आला की लगेच परत परत स्टार्ट करू नका, न जळलेला गॅस आत साठतो आणि मग एकदम भडका होतो. मधे काही मिनिटं जाऊ द्या.

आता गॅस. सिलिंडरमध्ये काय भरलंय ते विचारून घ्या, माझा पहिला संशय तिथेच आहे. ब्यूटेन साधारण उणे 0.5 अंशाला उकळतो आणि प्रोपेन उणे 42 ला, म्हणजे बाहेर तापमान शून्याच्या आसपास गेलं की ब्यूटेनचा गॅस व्हायचा जवळजवळ थांबतो, टाकीत द्रव भरपूर असला तरी. मिक्स सिलिंडर असेल तर अजून एक भानगड असते, त्यातला प्रोपेन जास्त प्रमाणात आधी उडून जातो आणि खाली ब्यूटेनच जास्त उरतो, म्हणून भरलेला असताना मस्त चालणारा हीटर अर्ध्या सिलिंडरवर रुसतो. शिवाय गॅस ओढला जातो तसा सिलिंडर स्वतःच अजून गार होत जातो. तुमची लक्षणं याच्याशी अगदी जुळतात.

तपासायला सोपं आहे. पहाटे, जेव्हा हीटर चालत नाही तेव्हाच, खिडकी उघडा, आतल्या शेगडीचा एक बर्नर मोठा लावा आणि मग हीटर सुरू करा. हीटर पेटताना शेगडीची ज्योत दबली, बारीक झाली तर गॅस कमी पडतोय, हीटरचा दोष नाही. मग शुद्ध प्रोपेनचा सिलिंडर लावून बघा, पण तुमच्या रेग्युलेटरला तो चालतो ना हे आधी विचारा. प्रोपेनवरही ज्योत दबत असेल तर रेग्युलेटर बघा, एलपीजीतला तेलकट अंश त्यात साचतो आणि प्रेशर पडतं, आणि रेग्युलेटर जुना असेल तर साफ करत बसण्यापेक्षा नवीनच लावावा. जोडणी उघडलीत की साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा, काडी पेटवून कधीच नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, गळती झाली तर जमिनीलगत साठतो, म्हणून फरशीतली जाळीची भोकं चटईखाली झाकली गेली नाहीत ना तेही बघा.

शेगडीची ज्योत जागची हलली नाही तर व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर काढा. इथे लोक बॅटरीवर मीटर लावतात, 12.6 दिसतं आणि बॅटरी छान आहे म्हणून सोडून देतात. ते रीडिंग हीटर बंद असतानाचं, त्याचा उपयोग नाही. मीटर हीटरच्या कनेक्टरवर लावायचा आणि फॅन फिरत असताना, पेटायच्या वेळी आकडा बघायचा. बॅटरीवर त्याच क्षणी 12.4 आणि हीटरपाशी 11 च्या खाली असेल तर मधला दीडेक व्होल्ट कुठल्यातरी सैल फ्यूज होल्डरमध्ये, हिरव्या पडलेल्या टर्मिनलमध्ये किंवा बारीक वायरमध्ये जातोय. व्होल्टेज फार पडलं की हीटर स्वतःहून बंद होतो. दोन्हीकडे आकडा पडत असेल तर बॅटरीच थकलीये, थंडीत ती तशीही कमी देते.

बाहेरचं धुराडं बघा, टॉर्च मारून. गाडी उभी राहिलेली असेल तर गांधीलमाशी किंवा कोळी हमखास आत घर करतात, आणि एक्झॉस्टचा पाइप मधेच झोल पडून लोंबत असेल तर त्या झोलात पाणी साठून वाट बंद होते. ज्योत दिसत असेल तर ती निळी हवी, पिवळी असेल किंवा धुराड्याला काजळी दिसत असेल तर हीटर बंद करा आणि पुढचं टेक्निशियनवर सोडा, बर्नरचं सील स्वतः उघडू नका.

हे सगळं ठीक निघालं तर ज्योत ओळखणारा भाग उरतो. नॉब दाबून धरायचा जुना हीटर असेल आणि नॉब सोडल्यावर ज्योत जात असेल तर बहुतेक थर्मोकपल, तो ज्योतीच्या उष्णतेवर काही मिलिव्होल्ट तयार करतो आणि तेवढ्यावरच गॅसचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. इलेक्ट्रॉनिक हीटर असेल तर इलेक्ट्रोडवर, म्हणजे ज्योत ओळखणाऱ्या धातूच्या काडीवर, काजळी किंवा अर्थिंग खराब असलं की ज्योत असूनही त्याला दिसत नाही आणि तो गॅस बंद करतो. मेकॅनिकला विचारा की बोर्ड गेला म्हणण्याआधी हा इलेक्ट्रोड आणि अर्थ त्याने तपासला होता का.